गैरहजर नदीची हजेरी

१

सकाळचा पहिला चहा अजून टेबलावर यायचा होता, तेवढ्यात दादाचा फोन आला.

“सात नंबर चोरीला गेला रे. नुसती साखळी लोंबतेय, तीही तुटकी.”

मी मान वर करून भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं. त्यावर बारा चौकटी असतात. नदीत बारा ठिकाणी बारा सेन्सर सोडलेले आहेत, त्यांचे ते आकडे. सात नंबरच्या चौकटीत पाण्याची उंची हिरव्या रंगात ठणठणीत दिसत होती. मी बघता बघता ती बोटभर वाढलीसुद्धा.

“दादा, तू आहेस कुठल्या पुलावर?”

“खालच्या. आणखी कुठल्या?”

“नीट बघ एकदा. सात नंबर इथे बोलतोय.”

“तिथे काय बोलायचं ते बोलू दे त्याला,” दादा वैतागून म्हणाला. “इथे तो नाहीये. साखळीचं टोक माझ्या हातात आहे.”

आमचं ऑफिस नदीवर नजर ठेवतं. आमचा प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक सेन्सरला विचारतो, ‘पाणी किती?’ आणि सेन्सर उत्तर देतो. या सवाल-जवाबाच्या ठरलेल्या पद्धतीला आमच्या धंद्यात एपीआय म्हणतात. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की गावांत भोंगे वाजतात आणि सखल पुलांवरची फाटकं आपोआप खाली येतात. सेन्सर बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम माझ्या थोरल्या भावाचं. पाण्यात उतरून उतरून त्याचं नाव पाणबुड्या पडलंय. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, याच ऑफिसात टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. हे काम ती घरी फुकट करते, असं दादा म्हणतो. मी तिला वहिनी म्हणतो म्हणून सगळं ऑफिस तिला वहिनी म्हणायला लागलं, अगदी साहेबसुद्धा. मी स्वतः वापराच्या पुस्तिका लिहितो. त्या कुणी वाचत नाही, त्यामुळे मला इकडेतिकडे बघायला भरपूर वेळ मिळतो.

दादाने फोटो पाठवला. गंजलेली साखळी, तुटलेली कडी, खाली गढूळ पाणी. मी फोटो बघत होतो आणि पडद्यावर सात नंबर आणखी बोटभर वाढला.

पाठीमागून साहेबांचा आवाज आला. “मला वाटलंच होतं. तुझा भाऊ खोटं बोलतोय.”

२

साहेब माणूस वाईट नाही. पण आकड्यावर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा सख्ख्या आईवरही नसेल.

“साधा हिशोब आहे,” ते म्हणाले. “सेन्सर बोलतोय म्हणजे तो पाण्यात आहे. पाण्यात आहे म्हणजे चोरीला गेलेला नाही. मग चोरीला गेला असं कोण सांगेल? ज्याला नवीन हवाय तो. नवीन सेन्सर परदेशातून येतो, बाहेर हातोहात विकला जातो. जुना आहे तिथेच राहतो, बोलत राहतो, कुणाला पत्ता लागत नाही.”

“आणि फोटो?” मी विचारलं.

“तुटकी साखळी कुठेही मिळते.”

वहिनी तिच्या खुर्चीतून उठली नाही, पण तिचे हात की-बोर्डवर थांबले होते. माझा दादा कसा आहे हे मला विचाराल तर तो दुकानदाराने जास्त दिलेले सुटे पैसे परत करायला दोन बस बदलून जाणारा माणूस आहे. त्याला चोर म्हटलेलं ऐकून माझे कान तापले.

“साहेब,” वहिनी शांतपणे म्हणाली, “मला जरा बघू द्या.”

“वहिनी, तुम्ही कशा बघणार? तुमचा नवरा आहे तो.”

“म्हणूनच. तो चोर असेल तर मला सगळ्यांच्या आधी कळायला हवं. मला त्याच्याबरोबर राहायचंय.”

साहेबांनी हातातल्या घड्याळात पाहिलं. “ऑफिस सुटेपर्यंत बघा. मग मी पोलिसांत तक्रार देणार. आणि तक्रार दिली की तो कामावर राहणार नाही, हेही सांगून ठेवतो.”

साहेब त्यांच्या काचेच्या खोलीत गेले. वहिनीने मला खुणेने बोलावलं.

“भाऊजी, तुम्हाला काय वाटतं?”

“भूत,” मी म्हणालो. मी अजिबात थट्टा करत नव्हतो.

“भूत असलं तर बरंच आहे,” वहिनी म्हणाली. “भूत ऑफिसच्या वेळा पाळत नाही. हे जे काही आहे ते फार शिस्तीचं आहे.”

तिने सात नंबरचा महिनाभराचा आलेख उघडला होता. ती त्यावर बोट फिरवत होती आणि एका ठिकाणी तिचं बोट अडलं.

“हे बारीक धक्के बघितलेत? मधेच आकडा उडी मारतो आणि परत जागेवर येतो.”

“ट्रक गेला की पूल हलतो आणि साखळी हलते. मीच पुस्तिकेत लिहिलंय, त्याकडे दुर्लक्ष करावं म्हणून.”

“मी वाचलंय,” वहिनी म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी पुस्तिका वाचली होती. मला त्याचा आनंद घ्यायलाही वेळ मिळाला नाही, कारण वहिनी तडक सर्व्हरच्या खोलीकडे निघाली होती.

३

सर्व्हरच्या खोलीवर तारवाल्याचं राज्य. सगळ्या वायरी, सगळी मशीनं, सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. बाहेरून कुणी खोटी उत्तरं आत सोडत असेल तर ती त्याच्या दारातूनच येणार. वहिनीने त्याला तसंच तोंडावर विचारलं.

“वहिनी, माझ्यावर संशय?” तारवाल्याने छातीवर हात ठेवला. “अहो, मला स्वतःचा पासवर्ड लक्षात राहत नाही, मी नदी कुठे लक्षात ठेवू?”

“हे मशीन नवीन दिसतंय.”

“नवीन कसलं? उन्हाळ्यात मेन सर्व्हर जळला नाही का, तेव्हा टेस्टिंगचं मशीन होतं ते जसंच्या तसं उचललं आणि त्याच्या जागी बसवलं. साहेब डोक्यावर उभे होते, पावसाळा तोंडावर आलेला. पत्ता बदलला, चालू केलं. पहिल्या झटक्यात चाललं!”

“आत काय काय होतं ते बघितलंस?”

“चालत्या मशीनमध्ये हात घालायचा नाही, हा माझा नियम आहे. आतापर्यंत कधी तक्रार आली नाही.”

वहिनीने त्या मशीनवरून एकदा नजर फिरवली. ती परत निघाली ती थेट मौनीच्या टेबलाशी थांबली.

मौनी ही आमची प्रोग्रामर. खरं नाव तिच्या कार्डावर आहे, पण ती दिवसभरात इतकं कमी बोलते की हेच नाव चिकटलं. सेन्सरशी होणारा सगळा सवाल-जवाब तिने लिहिलेला आहे. म्हणजे सात नंबरच्या तोंडी खोटे शब्द घालायला ऑफिसात तिच्याइतकं लायक दुसरं कुणी नव्हतं.

“सात नंबर खरा बोलतोय का गं?” वहिनीने विचारलं.

मौनी भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होती. तिचे ओठ किंचित हलत होते. मला वाटलं, बिचारी घाबरून देवाचं नाव घेत असेल.

“चूक सापडली का काही?” तिने उलट विचारलं.

“नाही. आठवडाभरात एकही चूक नाही. भोंगे बरोबर वाजले, फाटक बरोबर पडलं, बरोबर उघडलं.”

मौनी हसली. मुलाचा पहिला नंबर आल्याचं कळल्यावर एखादी आई हसते तशी हसली. आणि परत पडद्याकडे बघायला लागली.

जागेवर येताच वहिनीने दादाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“अहो, तुम्ही पुलावर मधोमध जाऊन उभे राहा. पुलावरून काय जाईल ते मला सांगत राहा.”

“आता हे काय नवीन? गाड्या मोजू?”

“मोजा. फोन बंद करू नका.”

“बरं, मोजतो. तुझ्यापुढे काय बोलणार! पण लवकर आटप, डोंगराकडे काळंकुट्ट झालंय.”

४

आम्ही दोघं पडद्यापुढे बसलो. सात नंबरच्या आकड्याने उडी मारली.

“आत्ता काय गेलं?” वहिनीने विचारलं.

“काही नाही,” दादा म्हणाला. “एक कुत्रं.”

थोड्या वेळाने परत उडी. या वेळी मोठी, लागोपाठ दोनदा.

“आत्ता?”

“आत्ता कुत्रंही नाही. अगं, मी एकटा उभा आहे इथे. पुलाचं दुरुस्तीचं काम निघालंय, मागच्या आठवड्यापासून जड गाड्या बंद केल्यात. दोन्ही टोकांना दगड लावलेत, स्कूटर आणि मोटार तेवढी जाते.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. पडद्यावर आणखी एक ट्रक गेला.

ते ट्रक कुठेच नव्हते. पूल रिकामा होता, त्यावर माझा भाऊ तुटकी साखळी घेऊन उभा होता आणि त्याच्या अंगावरून, आरपार, नसलेले ट्रक धडधडत जात होते. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मी थक्क होऊन बघतच राहिलो. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. इतक्या बारकाईने खोटं बोलणारं कुणी पाहिलं नव्हतं.

“ज्याने हे केलंय,” वहिनी हळूच म्हणाली, “त्याने ट्रक असतानाच्या दिवसांत सात नंबरचं बोलणं ऐकून ठेवलंय. ट्रक बंद झाले हे त्याला कुणी सांगितलंच नाही.”

“म्हणजे जुनं बोलणं परत ऐकवतोय?”

“नुसतं जुनं ऐकवत असता तर पाणी आजच्यासारखं कसं वाढलं असतं? वर पाच नंबरला सकाळी पाणी वाढलं, मग इथे वाढलं. याला नदीची चाल समजते.” ती उठली. “तो कुठे बसलाय ते बघू या.”

तिने तारवाल्याला हाक मारली आणि बाहेर जाणारी मुख्य केबल काढायला सांगितली. जी केबल आमच्या ऑफिसला नदीशी जोडते ती.

“वहिनी, वेड लागलंय का? बारा चौकटी काळ्या होतील!”

“क्षणभर होऊ दे. साहेबांना मी सांगते.”

साहेब आरडाओरडा ऐकून बाहेर आलेच होते. वहिनीने त्यांच्याकडे बघून एवढंच म्हटलं, “सेन्सर पाण्यात असेल तर आता गप्प होईल.” साहेबांना हे गणित पटलं. त्यांनी मान हलवली. तारवाल्याने डोळे मिटून केबल उपटली.

आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो.

सात नंबरचा आकडा बदलला. पाणी बोटभर वाढलं.

मग तीन नंबर बदलला. मग आठ. मग बारा. नदीशी आमचा सगळा संबंध तुटलेला होता, केबलचं टोक तारवाल्याच्या हातात लोंबत होतं आणि बाराच्या बारा सेन्सर शांतपणे आपापलं पाणी सांगत होते.

“देवा!” साहेब म्हणाले आणि जवळची खुर्ची धरली.

तारवाला केबलकडे बघत होता, साहेब पडद्याकडे. वहिनी मात्र मौनीकडे बघत होती. मीही पाहिलं. मौनीचे ओठ हलत होते. ती प्रत्येक आकडा आधी पुटपुटत होती आणि मग तोच आकडा पडद्यावर येत होता.

५

“तू बनवलंस ना हे?” वहिनीच्या आवाजात राग नव्हता. होतं ते नवल होतं.

मौनीने मान डोलावली. आणि मग आमच्या ऑफिसच्या इतिहासात कधी झालं नव्हतं ते झालं. मौनी बोलायला लागली.

“तुमच्याकडे काम द्यायच्या आधी मी स्वतः टेस्टिंग करते, त्यासाठी मला पूर हवा होता. पूर आल्यावर प्रोग्राम नीट वागतो का हे बघायला. पण नदीला पूर आण असं सांगता येत नाही. म्हणून मी प्रोग्राम आणि सेन्सर यांच्या मधे एक मध्यस्थ बसवला. प्रॉक्सी. प्रोग्रामचा प्रश्न त्याच्या हातून जायचा, सेन्सरचं उत्तर त्याच्या हातून यायचं. तो फक्त ऐकायचा. मागचा अख्खा पावसाळा त्याने ऐकला.”

“आणि शिकला,” वहिनी म्हणाली.

“मी शिकवलं. ऐकलेल्या उत्तरांवरून मी बारा खोटे सेन्सर तयार केले. व्हर्च्युअल सर्व्हिस म्हणतात त्याला. प्रश्न आला की खऱ्यासारखं उत्तर द्यायचं. आधी नुसती जुनीच उत्तरं देत होते. मग मला ते बरं वाटेना. मग मी पाच वाढला की सहा केव्हा वाढतो, सहा वाढला की सात किती वाढतो, ते सगळं बसवलं. ट्रकचे धक्के घातले. उन्हात पाणी जरा उतरतं, तेही घातलं.”

“कॉलेजात प्रॉक्सी लावायचो तसं,” तारवाला उत्साहाने म्हणाला. “मित्र वर्गात नसला की आपण त्याच्या आवाजात हजर म्हणायचं.”

“तसंच,” मौनी म्हणाली. “पण माझा मध्यस्थ प्रामाणिक आहे. तो आधी खऱ्या सेन्सरलाच विचारतो. तो बोलला तर त्याचंच उत्तर पुढे देतो. तो गप्प राहिला तरच त्याच्या वतीने बोलतो. नाहीतर एक सेन्सर बंद पडला की सगळं टेस्टिंग अडून बसायचं.”

वहिनीने आता तारवाल्याकडे मान वळवली. “आणि टेस्टिंगचं मशीन तू जसंच्या तसं उचलून खऱ्याच्या जागी बसवलंस.”

तारवाल्याचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मध्यस्थही त्या मशीनबरोबर उचलला गेला होता. उन्हाळ्यापासून तो खऱ्या नदीच्या वाटेत बसून होता, खरी उत्तरं इमानाने पुढे देत होता. साखळी तुटली, सात नंबर वाहून गेला आणि त्याच क्षणी याने ‘हजर’ म्हटलं. कुणी चोर नव्हतं, कुणी भूत नव्हतं.

साहेब खाली बसले. “म्हणजे आठवडाभर आपण भोंगे वाजवले ते...”

“तिच्या मनातल्या नदीवरून,” वहिनी म्हणाली.

“आणि सगळे बरोबर वाजले?”

“सगळे.”

मी मौनीकडे नव्याने बघत होतो. रोज माझ्या शेजारून डबा घेऊन जाणारी, कॅन्टीनमध्ये कोपऱ्यात बसणारी ही मुलगी. हिने एक अख्खी नदी घडवली होती, उन्हापावसासकट, ट्रकच्या धक्क्यांसकट, आणि ती खरीच्या जागी वाहिली तरी कुणाला कळलं नव्हतं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

वहिनीलाही नवल वाटलं होतं, पण ती टेस्टर आहे. “तुला केव्हा कळलं?” तिने विचारलं.

मौनीची मान खाली गेली. “ट्रक बंद झाले तेव्हा. तरीही सात नंबर ट्रक मोजत होता.”

“म्हणजे मला आज दिसलं ते तुला आठवड्यापूर्वी दिसलं. मग बोलली का नाहीस?”

“मला ऐकायचं होतं.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “ती किती दिवस न चुकता वाहते ते बघायचं होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू.”

“आज सकाळपासून माझा नवरा चोर ठरत होता.”

“मी संध्याकाळच्या आत सांगणार होते.”

“सांगणार होतीस?”

मौनी परत भिंतीवरच्या पडद्याकडे बघायला लागली.

६

“तो मध्यस्थ बाजूला कर,” वहिनी म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

ते काम एका ओळीचं होतं. प्रोग्रामने कुणामार्फत विचारायचं हे सांगणारी ओळ. मौनीने ती पुसली, तारवाल्याने केबल परत लावली आणि भिंतीवरच्या बाराही चौकटी कोऱ्या झाल्या. मग खरी नदी बोलायला लागली. एक नंबर आला. दोन आला. चार, पाच. मग आठ, नऊ, दहा. शेवटी बारा.

आम्ही वाट बघत राहिलो. सात येणार नाही हे माहीत होतं. पण तीनही आला नाही. सहा आला नाही. अकरा आला नाही.

“एवढा वेळ लागतो का?” साहेबांनी विचारलं.

“नाही,” मौनी म्हणाली. “हे मला माहीत नव्हतं. शपथ. मला फक्त सातचं माहीत होतं.”

तिच्या नदीने तिलाच फसवलं होतं. चार सेन्सर केव्हा मुके झाले, कुठला वाहून गेला, कुठल्याची बॅटरी संपली, कुणालाच ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात बऱ्याच जागांपर्यंत दादाला जाता येत नाही. आणि जाण्याची गरज कुणाला वाटणार? पडद्यावर बाराच्या बारा हजर होते. त्या सुंदर हिरव्या पडद्यावरचं काय खरं होतं आणि काय नव्हतं, हे आता मौनीही सांगू शकली नसती.

वहिनी कोऱ्या चौकटींकडे एकटक बघत होती.

“सात सहाचं ऐकून बोलतो, असं म्हणालीस ना?”

“हो.”

“आणि सहाच नव्हता. मग तो कुणाचं ऐकत होता?”

“पाचचं.”

“पाच आणि सहाच्या मधे काय आहे?”

मौनीने तोंडावर हात ठेवला. उत्तर मलाही येत होतं, मीच नकाशा काढला होता पुस्तिकेत. पाच आणि सहाच्या मधे डोंगरातून एक उपनदी येऊन मिळते. तिचं पाणी पहिल्यांदा सहाला दिसतं. सहा गेल्यापासून तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

डोंगराकडे काळंकुट्ट झालंय, असं दादा म्हणाला होता. आणि वहिनीने त्याला पुलाच्या मधोमध उभं केलं होतं.

फोन टेबलावर चालूच होता. वहिनीने तो दोन्ही हातांनी उचलला.

“अहो, पुलावरून उतरा.”

“झाल्या का गाड्या मोजून?” दादाचा आवाज निवांत होता. “इथे पाणी तर काही...”

“विचारू नका! उतरा! पळा!”

माझी वहिनी अशी किंचाळलेली मी कधी ऐकली नव्हती. दादानेही नसावी, कारण त्याने पुढे प्रश्न विचारला नाही. फोनमधून बुटांचा धपधप आवाज यायला लागला. मग त्याची धाप. मग फाटकाची ओळखीची घंटा, कारण सेन्सर गप्प असला की आमचा प्रोग्राम काही वेळाने फाटक आपणहून पाडतो. मग पावलं थांबली आणि दादा जोरजोरात श्वास घेताना ऐकू आला.

त्याच्यामागून दुसरा एक आवाज यायला लागला. आधी तो लांब होता. मग तो एवढा वाढला की फोनचा बारका स्पीकर थरथरायला लागला. तो आवाज ऐकून साहेब उभे राहिले. आम्ही सगळेच उभे राहिलो. रोज आम्ही नदी आकड्यांत बघतो. तिचा आवाज त्या खोलीत कुणी ऐकलेला नव्हता.

“अगं,” दादा म्हणाला आणि थांबला. “पूल दिसत नाहीये. पूलच दिसत नाहीये गं.”

वहिनीने फोन माझ्या हातात दिला.

“दादा, तू कुठे आहेस?”

“वर. रस्त्यावर, फाटकाच्या अलीकडे. ठीक आहे मी. दोन्ही बाजूंना कुणी नाही, फाटकं पडलीत. अरे, काय पाणी आहे! झाडंच्या झाडं चाललीत.”

मौनी पडद्याकडे वळली होती. सात नंबरची कोरी चौकट ती बघत होती.

“माझ्या नदीने हे कधी ऐकलंच नव्हतं,” ती म्हणाली. ते ती कुणाला सांगत होती कुणास ठाऊक.

साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांनी आधी कपाळ पुसलं.

“पाणबुडे, मी बोलतोय. सकाळी मी तुमच्याबद्दल जे बोललो...”

“काय? मोठ्याने बोला साहेब, पाण्याचा आवाज फार आहे!”

“मी म्हटलं, सकाळी मी तुम्हाला...”

“ऐकू येत नाहीये!”

साहेब ओरडले. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली इतक्या जोरात ओरडले. “मी तुम्हाला चोर म्हणालो! माझं चुकलं!”

पलीकडे नुसतं पाणी वाजत राहिलं. मग दादाचा आवाज आला. “असू दे साहेब. सात नंबरला नवीन सेन्सर मिळेल ना?”

“चार,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. “चार लागतील. ते तुम्हीच बसवायचे.”

“चार? बाकीचे कुठले?” दादाने विचारलं, पण त्याला उत्तर कुणी दिलं नाही, कारण वहिनीने साहेबांकडून फोन काढून घेतला होता. दिवसभर एका शब्दानेही न डगमगलेली वहिनी सगळ्या ऑफिससमोर हमसून हमसून रडत होती.

“मीच तुम्हाला तिथे उभं केलं होतं,” ती म्हणाली. “घरी या. आधी घरी या.”